प्लायवूड फुगतं, पापुद्रे सुटतात, स्क्रू धरत नाही : दोष घरी येण्याआधी दुकानातच कसा पकडायचा

आधी लक्षणं. यातलं काही तुमच्या घरात दिसतंय का बघा.

सिंकखालच्या कपाटाची तळफळी पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगली. १८ एमएमची कड २२-२३ भरते, सनमायकाची पट्टी उचलली गेलीय आणि नख घातलं की थर वहीच्या पानासारखे सुटतात.

दाराची बिजागरी दर तीन-चार महिन्यांनी ढिली होते. स्क्रू आवळला की नुसता फिरतो. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून बसवला की महिनाभर टिकतो, पुन्हा सुटतो.

कपाटाचं लांब दार वाकलं. मधे नीट लागतं, पण वरचा कोपरा बोटभर बाहेर राहतो.

खिडकीतून तिरका उजेड आला की सनमायकावर लांबट खळगे नाहीतर उंचवटे दिसतात.

फळीखाली पिठासारखा भुसा पडतो, आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात.

खाचेत बसवलेली फळी खुळखुळते, ड्रॉवर डुगडुगतो.

नवं कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, आणि महिना गेला तरी वास जात नाही.

चिपळूणला घरामागच्या पडवीत मी सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करतो. आधी आपल्या घरापुरतं होतं, मग नातेवाइकांचं आणि आळीतलं दुरुस्तीचं काम येत गेलं. बारा-तेरा वर्षं हीच दुखणी पुन्हापुन्हा हाताखालून जातायत. सुरुवातीला मलाही वाटायचं की सांधा नीट बसला नसेल, स्क्रू लहान पडला असेल. मत बदललं ते २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातलं सामान रस्त्यावर काढून ठेवलं होतं. महिनाभर मी जमेल त्यांची कपाटं सोडवून देत होतो, त्यामुळे एरवी सनमायकाखाली झाकलेला प्लाय आतून बघायला मिळाला. एकाच घरातली दोन कपाटं, दोन्ही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेली, दोन्ही सारखाच वेळ पाण्यात. एकाचा लगदा झाला होता. दुसरं धुऊन सावलीत वाळवलं, मागची पातळ फळी बदलली, आणि ते आजही वापरात आहे. दोन्ही एकाच मिस्त्रीच्या हातची होती. वेगळा होता तो फक्त प्लाय.

म्हणून आता दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो : शीटचा चेहरा बघून प्लाय घेऊ नका, कड बघून घ्या, आणि तीही पैसे देण्याआधी बघा. पुढच्या तपासण्या फुकटच्यापासून खर्चिकपर्यंत त्याच क्रमाने दिल्यात. बहुतेकांचं काम पहिल्या चार-पाचांतच होतं.

प्लायला दोष देण्याआधी

नवं प्लायवूड आणण्याआधी जुनं का गेलं ते बघा. याला काही खर्च नाही. सिंकखाली रात्री कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि सकाळी ओला डाग कुठे आहे ते पाहा. कपाटामागची भिंत ओल धरते की नाही हे कळायला फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीतली हवाच दमट आहे. भिंतीतून ओल येत असेल तर सगळ्यात महाग प्लाय आणला तरी तीन वर्षांनी त्याच जागी बुरशी दिसेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे बाहेरच्या भिंतीला टेकवून कपाट करायचंच असेल तर मागे बोटभर मोकळी जागा ठेवा.

वाकलेल्या दाराची आणखी एक गोष्ट तपासा : सनमायका दोन्ही बाजूंना आहे का? एका बाजूला सनमायका आणि दुसरी नुसती रंगवलेली किंवा उघडी असेल तर दोन बाजू हवेतली ओल कमी-जास्त ओढतात आणि दार धनुष्यासारखं वळतं. तिथे प्लाय चांगला असला तरी दार वाकतं. आतून लायनर, म्हणजे पातळ सनमायका, लावला असता तर ते टळलं असतं.

कुठे काय लावायचं

बाजारात तीन दर्जे ऐकू येतात. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी न सोसणारा. त्यात बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्याला टक्कर देणारा आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन, त्याच्याही वरचा. या दोन्हींत फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद असायला हवा. सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक आयएस ३०३ आणि मरीनचं आयएस ७१०. मरीनच्या गोंदाची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे.

सगळीकडे मरीन लावायची गरज नसते. झोपायच्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीला, आतल्या भिंतीला लागून असेल तर, चांगला एमआर पुरतो. ओट्याखाली बीडब्ल्यूआर लावा, आणि सिंकखालचा एकच खण आणि बाथरूममधलं कपाट मरीनमध्ये करा. लोक उलट करतात : सगळं घर ‘मरीन’च्या नावाने स्वस्तात बसवायचं म्हणून हलका माल घेतात, आणि सिंकखाली तोच लागतो. एका खणाला मरीनची एक शीटही लागत नाही. एवढा एक तुकडा खरा घ्या.

शिक्का आणि बिल

शीटवरचा शिक्का फोनवर फोटो काढून मोठा करून वाचा. आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. शेजारी दर्जा, जाडी आणि कारखान्याची खूण. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की तो कोणाचा, कशासाठी आणि चालू आहे का, हे दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

मी इथे इतका अडून बसतो, कारण नुसता ‘७१०’ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला काही लागत नाही. ‘७१० मरीन’, ‘१०० टक्के गर्जन’ (गर्जन हे जड लाकूड), ‘लाइफटाइम गॅरंटी’ असं लिहिलेल्या शीटवर परवान्याचा क्रमांकच नाही, असं मी अनेकदा पाहिलंय. ‘आयएसओ ९००१’ लिहिलेलं असेल तर ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे, त्या शीटच्या गोंदाबद्दल नाही.

शिक्क्यावर जे आहे तेच बिलावर उतरवून घ्या : नाव, दर्जा, मानक, जाडी, किती शीट. ‘प्लाय १८ एमएम, १० नग’ एवढ्याच बिलावर उद्या तक्रार उभी राहत नाही. दुकानदार “शेठ, बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल” म्हणाला तर मी हात जोडून बाहेर पडतो. जो माल लिहून द्यायला तयार नाही, त्याची जबाबदारीही तो घेणार नाही.

कड

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. हिला डोळे आणि एक बारीक तार पुरते.

थप्पीतली वरची शीट सरकवून चारही कडा बघा. चांगल्या १८ एमएमच्या शीटमध्ये साधारण ११ ते १३ थर दिसतात, जवळजवळ सारख्या जाडीचे, एकाआड एक आडवे-उभे. एका बाजूला जाड थर, दुसऱ्या बाजूला पातळ, असं असेल तर ती शीट पुढे वळणार हे धरून चाला. थरांच्या मधे काळी फट दिसते का? तिथे आतल्या पट्टीचा तुकडा कमी पडलाय. तिलाच बाजारात ‘गॅप’ म्हणतात. कुठे थर एकावर एक चढून कड जाड झालीय का? तो ‘ओव्हरलॅप’. सनमायकावरचे खळगे गॅपमुळे येतात आणि उंचवटे ओव्हरलॅपमुळे.

एकदा एका ओळखीच्या बाईंच्या कपाटासाठी मी आणलेल्या शीटची कड लाल रंगवलेली होती. कारखाने कडा रंगवतात, त्यात गैर काही नाही. पण किल्लीने थोडा रंग खरवडला तर खाली लाकूड नव्हतंच, भुश्याचा भराव निघाला. सायकलची जुनी तार माझ्या खिशात असते. ती त्या जागी टेकवली आणि हलकेच ढकलली, तर आडकाठी न होता चार बोटं आत गेली. म्हणजे शीटच्या आत चार बोटं पोकळी होती, बरोबर त्याच पट्ट्यात जिथे मी कपाची (दारात वाटीएवढा गोल खळगा पाडून बसवायची) बिजागरी बसवणार होतो. स्क्रू फिरत राहण्याचं कारण हेच असतं : त्याला धरायला तिथे लाकूडच नसतं. तेव्हापासून तार घेतल्याशिवाय मी प्लायच्या दुकानात जात नाही. कडेला एखाद-दुसरी बारीक फट चालेल. पण बोटभर अंतरावर दुसरी आणि पुढे तिसरी दिसली तर ती शीट आतूनही तशीच आहे.

थरांच्या मधली गोंदाची रेषही बघा. फिनॉलची रेष गडद तपकिरी असते, युरियाची फिकट. मरीन म्हणून दिलेल्या शीटमध्ये रेष पांढरट असेल तर तिथेच थांबा. गडद असली तरी लगेच भरवसा ठेवू नका, कारण गोंदात रंग मिसळता येतो. त्याची खरी परीक्षा पुढे आहे.

बोटाचा आवाज

शीट आडवी असताना नाणं किंवा बोटाचं पेर घेऊन वीतभर अंतराने टकटक करत जा. भरीव जागी आवाज बारीक आणि घट्ट येतो, पोकळ जागी बद्द. दुकानात गोंगाट असेल तर कान शीटला लावा. दहा शीट घ्यायच्या असतील तर दहाही वाजवा. एका थप्पीतली वरची एक चांगली आणि खालच्या नऊ साधारण, हा अनुभव मला दोनदा आलाय.

टेप, व्हर्निअर, स्वयंपाकघरातला काटा

पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा साधा व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घ्या, आयुष्यभर पुरतो. चारही कडांवर मिळून आठ जागी जाडी मोजा. मानकात जाड शीटला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे १८ एमएममध्ये १७.१ पर्यंत ठीक. मी १६.५ भरणारी शीट १८ म्हणून विकलेली पाहिलीय. दीड एमएम म्हणजे बारावा हिस्सा माल कमी, पैसे मात्र पूर्ण. वर खाचा १८ च्या हिशेबाने पाडल्या की फळी खुळखुळणारच. एकाच शीटमध्ये एका कोपऱ्यात १७ आणि दुसऱ्यात १८.५ निघाली तर ड्रॉवरच्या कामाला ती घेऊ नका. त्यासाठी कॅलिब्रेटेड, म्हणजे सगळीकडे एकसारख्या जाडीची केलेली शीट मागा.

आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२० एमएम. कर्ण सुमारे २७२८. दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा एमएमचा फरक निघाला तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि तुम्ही कारखान्याची कड सरळ धरून कापत गेलात तर सगळं कपाट तिरकं होईल. शीट उभी करून डोळा कडेला लावून बघा, नाहीतर दोन टोकांना सुतळी ताणा. मधे बोटभर अंतर दिसलं तर दुसरी मागा. ‘वजन ठेवलं की सरळ होते’ असं सांगतात. होते, आणि वजन काढलं की परत वळते.

आता वजन. अख्खी शीट तोलायची सोय दुकानात नसते. म्हणून मी बरोबर एक फूट चौरस तुकडा कापून मागतो, त्याचे पैसे देतो, आणि घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. १८ एमएमचा हा तुकडा हलक्या पॉप्लरचा असेल तर साधारण ८०० ते ९०० ग्रॅम भरतो. गर्जन किंवा तसल्या जड लाकडाचा असेल तर ११०० च्या वर जातो. ‘१०० टक्के गर्जन’ म्हणून दिलेला तुकडा ८५० भरला तर पुढे बोलायचं काही उरत नाही. पण जड म्हणजे चांगला, असंही समजू नका. पाणी पिऊन बसलेला तुकडाही जड लागतो. तो आठवडाभर घरात कोरड्या जागी ठेवून पुन्हा तोला. वजन बरंच उतरलं तर माल ओला होता आणि तो घरात येऊन वळणार.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण “पूर्वीचा प्लाय असा नव्हता” असं मला सारखं ऐकायला मिळतं, आणि ते खरं आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलातली तोड आवळली गेली आणि ईशान्येकडचा प्लायवूडचा धंदा बसला. कारखाने शेतात वाढवलेल्या झाडांकडे वळले. हरियाणातलं यमुनानगर पॉप्लर आणि निलगिरीवर उभं राहिलं, केरळातलं पेरुंबावूर रबराच्या लाकडावर. गर्जनाचे ओंडके म्यानमारहून यायचे. त्या देशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मग ‘गर्जन’ हा शब्द शीटवर जास्त दिसायला लागला आणि लाकूड कमी. पॉप्लर वाईट नाही. नीट वाळवलेला, नीट दाबलेला पॉप्लर मी माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला वापरलाय. पण तो पॉप्लर म्हणून, पॉप्लरच्या भावात घेतला होता. गर्जन आणि हलक्या लाकडाचे थर आलटूनपालटून लावलेल्या शीटला बाजारात ‘अल्टरनेट’ म्हणतात. भाव आणि ताकद दोन्हींत मधला, ओट्याखाली चालणारा माल. दुकानदाराने सरळ “अल्टरनेट आहे” असं सांगितलं तर त्याच्याकडून मी निर्धास्तपणे घेतो.

उकळून बघणं

कागदोपत्री सगळं ठीक आहे, पण काम सिंकखालचं किंवा बाथरूमचं आहे आणि माल बऱ्याच पैशांचा आहे, तेव्हा मी हे करतो. एक दिवस आणि थोडं सरपण लागतं.

आणलेल्या तुकड्यातून तीन बाय सहा इंचांच्या तीन पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा, तुलनेसाठी. दोन पत्र्याच्या जुन्या डब्यात घालून, वर दगड ठेवून पाण्यात बुडवा आणि उकळा. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या दारी आहे, मी तिच्यावर ठेवतो. घरातल्या गॅसवर, बंद खोलीत, जेवणाच्या भांड्यात हे करू नका. गोंदाचा वास नाकात बसतो आणि तो छातीत जाणं बरं नाही.

युरियाचा गोंद असेल तर तासाभरातच कडा उमलायला लागतात. एमआर म्हणून विकलेली शीट उकळून सुटली तर तो दोष नाही, ती त्यासाठी नाहीच. पण बीडब्ल्यूआर किंवा मरीन म्हणून घेतलेली असेल तर आठ तास उकळूनही पट्टी एकसंध राहायला हवी. थोडी जाड होईल, वाळली की बरीचशी पूर्ववत येईल. मरीनच्या ७२ तासांची बरोबरी घरी होत नाही, पण चुकीचा गोंद आठ तासांत लपत नाही.

त्यानंतरची पायरी लोक विसरतात, आणि खरं उत्तर तिथेच मिळतं. पट्टी रात्रभर वाळवा, सकाळी कडेला पटाशी लावून एक थर उचकटा. गोंद चांगला असेल तर सांधा सुटत नाही, लाकूडच फाटतं. दोन्ही बाजूंना तंतू चिकटून राहतात, पृष्ठभाग खरबरीत लागतो. गोंद कमजोर असेल तर थर गुळगुळीत निघतो, पाकिटावरचं तिकीट निघावं तसा, आणि खाली चकचकीत गोंदाचा पापुद्रा दिसतो. एकदा ही दोन फाटणं शेजारी शेजारी ठेवून बघितलीत की पुढे दुकानात कडेचा तुकडा नखाने उचकटूनही अंदाज येतो.

स्क्रू

उरलेल्या तुकड्यात ज्या मापाचे स्क्रू बिजागरीला लावणार तेच, भोक पाडून, पृष्ठभागात आणि कडेत लावा. पाच वेळा काढा-घाला करा. सहाव्यांदा आवळताना हाताला घट्ट थांबा लागला पाहिजे. मग हातोडीच्या नखीने उपटून बघा. चांगल्या शीटमधून स्क्रू लाकडाचा चुरा घेऊन बाहेर येतो, पोकळ शीटमधून सहज निसटतो. कडेत पकड कमीच असते, ती अपेक्षित आहे. म्हणून कपाटाचे भार कडेतल्या स्क्रूवर सोडू नयेत.

दुकानापासून घरापर्यंत

एवढं बघून निवडलेला माल टेम्पोत चढताना बदलतो, हेही माझ्या ओळखीच्या दोन घरांत झालंय. निवडलेल्या प्रत्येक शीटच्या कडेवर मार्करने सही करा, शिक्क्याचा फोटो काढा, आणि उतरवताना स्वतः हजर राहा. सही नसलेली शीट उतरवून घेऊ नका.

शक्य असेल तर मोठ्या बाजारात जा. मी पुण्याला गेलो की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फेरी मारतो. चार दुकानं शेजारी असली की कड बघू देणारा कोण आणि ‘साहेब, विश्वास ठेवा’ म्हणणारा कोण, ते पटकन कळतं. माल कसा ठेवलाय तेही बघा. शीट जमिनीपासून वर, आडव्या, सपाट ठेवलेल्या असाव्यात. ओल्या फरशीवर भिंतीला टेकवून महिनोन्महिने उभ्या ठेवलेल्या शीट कितीही नावाजलेल्या असल्या तरी सोडा. छोट्या कामाला, एखाद्या स्टूल-मांडणीला, अख्खी शीट घेऊ नका. फर्निचरच्या मोठ्या कामावरचे चांगल्या मालाचे उरलेले तुकडे विकत मिळतात, कड चारही बाजूंनी कापलेली असल्याने आतलं सगळं दिसतं. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगला माल नाही.

मिस्त्रींबद्दल मोकळेपणाने लिहितो. अनेक ठिकाणी दुकानदार मिस्त्रीला शीटमागे काही रक्कम देतो, आणि मग मिस्त्री त्याच दुकानाचा आग्रह धरतो. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, मजुरी परवडत नाही म्हणून ही पद्धत चालते. मी आमच्या मिस्त्रीमामांना सुरुवातीलाच सांगितलं : “मामा, माल मी आणणार, तुमची मजुरी मी वाढवून देतो, तुम्ही फक्त माझ्याबरोबर येऊन कड बघा.” ते आले. त्या दिवशी त्यांनी मला कडेवरून दोन शीट बाजूला काढून दाखवल्या, त्या मी पास केल्या होत्या.

घरी आल्यावर शीट तीन पट्ट्यांवर आडव्या ठेवून दोन-तीन दिवस त्या हवेला सरावू द्या, मगच कापा. कापलेली प्रत्येक कड, दिसणारी असो वा नसो, प्रायमर किंवा वॉर्निशने बंद करा. पाणी चेहऱ्यातून फारसं शिरत नाही, कडेतून शिरतं. सिंकखाली पाइपसाठी पाडलेल्या भोकाची आतली कडही तितकीच महत्त्वाची, आणि तीच नेहमी राहून जाते.

इथे थांबा, माणूस बोलवा

भुसा पडतोय आणि भोकं फक्त एका फळीत आहेत, तर ती फळी काढा आणि घराबाहेर न्या. पण भिंतीवर, चौकटीवर मातीची नळी दिसली तर ती वाळवी आहे. वरवर औषध फवारू नका, ती बाजूला सरकून दुसरीकडून निघते. परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याला बोलवा, आणि त्याचं काम होईपर्यंत त्या भिंतीला नवं कपाट लावू नका.

पोटमाळ्याची फळी, पलंगाचा सांगाडा किंवा डोक्यावर टांगलेलं कपाट यांचे थर सुटले असतील तर गोंद भरून, क्लँप लावून वाचवायच्या फंदात पडू नका. मी स्वतः हे करत नाही. खालचं सगळं मोकळं करा आणि अनुभवी मिस्त्रीकडून ती फळी बदलून घ्या.

कपाटामागून वीज किंवा गॅसची नळी जात असेल, किंवा भिंतीतली ओल वरच्या मजल्यावरून येत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन, गॅसवाले, प्लंबर. सुताराचा नंबर शेवटी.

लहान मूल किंवा दमेकरी माणूस असलेल्या खोलीत महिन्यानंतरही डोळे चुरचुरत असतील तर त्या खोलीत झोपवू नका आणि डॉक्टरांना कारण सांगा. सनमायका नसलेल्या आतल्या बाजू आणि उघड्या कडा बंद केल्याने वास कमी होतो, पण तोवर खोली वापरात ठेवणं बरोबर नाही. नवी शीट घेताना ई१ किंवा ई० असं लिहिलेली मागा, म्हणजे गोंदातून फॉर्माल्डिहाइड कमी सुटणारी.

आणि माल मोठ्या रकमेचा असून तुमच्या तपासणीत तो खोटा निघाला, तर दुकानदाराशी भांडत राहू नका. काम थांबवा. उरलेल्या शीट कापू नका, परत पाठवू नका. शिक्क्याचे फोटो, बिल, उकळलेली पट्टी आणि न उकळलेली पट्टी एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि आयएसआयचं चिन्ह खोटं असल्याचा संशय असेल तर ‘बीआयएस केअर’वरही नोंदवा. घरची उकळणी तुमची स्वतःची खात्री पटवते, पण ग्राहक आयोगापुढे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल लागेल. त्यासाठी प्रयोगशाळा न कापलेला, शिक्का असलेला तुकडा मागते. म्हणून कापकाम सुरू करताना शिक्क्याच्या बाजूचा दोन फुटांचा तुकडा मी नेहमी शेवटपर्यंत राखून ठेवतो.